कुंडीतल्या शंका : किडे राहू द्या, आधी पाण्याचं बघा

मागच्या अंकात माझ्याकडच्या कीटकभक्षी झाडांचा ओझरता उल्लेख केला आणि पत्रांची रीघ लागली. दहातल्या आठ पत्रांत एकच काळजी : त्यांना किडे कुठून आणून घालायचे? गुलाबाच्या मावा-तुडतुड्यांवर इतकी वर्षं लिहितेय, पण किडे हवेत म्हणून कुणी पत्र लिहिल्याचं आठवत नाही. म्हणून या वेळचं सगळं सदर याच झाडांना.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी परभणीची. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं, आता निवृत्त. माझी ही झाडं आतल्या खोलीत, सासूबाईंच्या लोखंडी मांडणीवर वाढतात. पितळेची भांडी माळ्यावर गेली आणि प्रत्येक फळीखाली एलईडी ट्यूब आल्या. त्या खोलीत ऊन येत नाही.

प्रश्न : ताई, मुलाच्या हट्टापायी व्हीनस फ्लायट्रॅप (पानांच्या जबड्यात किडे धरणारं झाड) मागवला. हॉलमध्ये शोकेसवर ठेवलाय. रोज बोअरचं पाणी घालते. मुलगा दिवसाआड डास, मुंग्या भरवतो, एकदा तर मटणाचा तुकडाही दिला. तरी महिनाभरात निम्मे जबडे काळे पडले. अजून काय खायला द्यावं?
— एक वाचिका, लातूर

उत्तर : काहीही देऊ नका. झाड उपाशी नाही, त्याला बोअरचं पाणी बाधलंय आणि अंधारानं घेरलंय.

कसंय, या झाडाची भाकरी म्हणजे उजेड. किडा हे ताटातलं लोणचं. पानं हिरवी आहेत म्हणजे इतर झाडांसारखीच ती उजेडावर साखर तयार करतात. किड्यातून त्याला मिळतं ते मुख्यतः नत्र आणि थोडं स्फुरद, कारण त्याच्या मूळ गावी जमिनीत ते नसतंच. हे मूळ गाव म्हणजे अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनाचा किनारी पट्टा, ओलसर, आम्लधर्मी, वाळूमिश्रित दलदल. पावसानं धुऊन काढलेल्या त्या मातीत क्षार जवळपास नाहीत. त्यामुळे याची मुळं क्षार सोसायला शिकलीच नाहीत.

आता तुमच्या बोअरकडे बघा. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा. तो मोजणारा मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, झाडाआधी तो घ्यायला हवा होता. या झाडांना ५० च्या आतलं पाणी लागतं, फार तर १०० पर्यंत निभावतं. आपल्या काळ्या पाषाणातल्या बोअरला ८००, हजार, बाराशे असे आकडे सर्रास दिसतात. तुम्ही रोज पाणी घालता, पाणी उडून जातं, क्षार कुंडीतच राहतात. महिनाभरात त्या मातीचं काय होत असेल, तुम्हीच बघा. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतोय का?

घरी आरओ असेल तर त्याचं पाणी मोजून बघा. आतल्या टीडीएस कंट्रोलरचा स्क्रू सैल असतो, तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. शिवाय 'मिनरल'ची नळी बसवलेली असते. माणसाला ते ठीक, झाडाला नाही. मेकॅनिककडून पाणी गाळणाऱ्या पडद्याच्या लगेच पुढून एक तोटी काढून घ्या. वीस लिटरच्या जारचं पाणी मोजल्याशिवाय वापरू नका. ते जारागणिक बदलतं.

आरओ लिटरभर पाण्यामागे दोन-तीन लिटर फेकतो, आणि २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या गावाला मी हे सांगायचं म्हणजे जिभेवर येत नाही. ते फेकलेलं पाणी फरशीला, संडासाला वापरा. त्याहून चांगलं म्हणजे पत्र्यावरचा पाऊस. दहा बाय दहा फुटांच्या पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला की नव्वद लिटरच्या आसपास पाणी मिळतं. पहिली सर पत्रा धुण्यात जाऊ द्या, नंतरचं झाकणाच्या ड्रममध्ये भरा. एका लहान कुंडीला आठवड्याला लिटरभरही लागत नाही, मृगाचं पाणी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरतं. शेजारी एसी असेल तर त्याच्या नळीतून ठिबकणारं पाणीही चालतं. मीटर बुडवा, आकडा बघून थक्क व्हाल.

मातीही बदला. पीट मॉस (दलदलीतलं कुजकं शेवाळ) आणि परलाईट (फुलवलेल्या खडकाचे हलके पांढरे कण) निम्मं-निम्मं, आरओच्या पाण्यात धुऊन. शेणखत, गांडूळखत, काळी माती, युरियाचा दाणा, यातलं काहीही त्या कुंडीच्या जवळपास नको. खतानं मुळं जळतात. कुंडी बशीत ठेवा आणि बशीत अर्धा इंच पाणी राहू द्या. आठवड्यातून एक दिवस बशी कोरडी करून पुसा, नाहीतर डास खाणारं झाड म्हणून आणलेल्या कुंडीतच डेंग्यूचे डास वाढतील.

मटण पुन्हा नको. चरबी पचत नाही, जबडा सडतो. जबड्याच्या एक तृतीयांश आकाराचा एखादा किडा दोन-तीन आठवड्यांनी, तोही एकाच जबड्यात. एक जबडा आयुष्यात तीन-चार शिकारी करतो आणि आपोआप काळा पडतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मधून नवे कोंब येतायत का तेवढं पाहा. उजेडाचं पुढच्या उत्तरात वाचा, कारण शोकेसवर ते जगणार नाही.

प्रश्न : मॅडम, मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. भाड्याची खोली आहे, खिडकी डक्टमध्ये उघडते. केप सनड्यूचं (पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरणारं) रोप आहे, पण पानांवर थेंबच येत नाहीत. जांभळा ग्रो लाईट घेतला, खोक्यावर १००० वॅट लिहिलंय. तो पुरेल का? घरमालक विजेचे वेगळे पैसे घेतात.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : खोक्यावरचं सोडा, दिव्याच्या मागची बारीक अक्षरं वाचा. असे 'हजार वॅट'चे दिवे प्रत्यक्षात त्याहून कितीतरी कमी वीज खातात, आणि जेवढी वीज खातील तेवढाच उजेड देणार. शिवाय त्या जांभळ्या उजेडात बसून तू राज्यघटनेची कलमं पाठ करणार कशी?

पानातलं हरितद्रव्य लाल आणि निळा उजेड जास्त शोषतं हे खरं. त्यावरून जांभळ्या दिव्यांचा धंदा उभा राहिला. पण पान हिरवा उजेडही बराचसा वापरतं, आणि पांढऱ्या एलईडीत निळा, हिरवा, लाल सगळंच असतं. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते ती चार फुटी, २० वॅटची, साधारण २००० ल्युमेनची ६५०० केल्विनची पांढरी पट्टी उत्तम काम करते. माझ्या सगळ्या फळ्यांवर तीच आहे.

आपला डोळा इथे फसतो. अंधारात बाहुली मोठी होते आणि खोली उजळ वाटते. मोबाईलवर लक्स, म्हणजे पडणारा उजेड, मोजायचं ॲप घे. ते अगदी काटेकोर नसतं, पण अंदाज येतो. भर दुपारचं ऊन लाखभर लक्स भरतं. ट्यूब लावलेल्या खोलीत टेबलावर दोन-तीनशे. म्हणजे तुला वाचायला पुरतो तो उजेड झाडाच्या लेखी रात्रच. सनड्यूला पानाच्या पातळीवर सहा-आठ हजार लक्स मिळाले की तो थेंब धरतो आणि त्याचे केस लाल होतात. फ्लायट्रॅपला दहा हजारांच्या पुढे लागतं. म्हणून सनड्यूला दोन पट्ट्या आणि फ्लायट्रॅपला तीन, पानांपासून वीतभर उंचीवर. याहून वर टांगल्या की आकडा झपाट्यानं पडतो. छताला लावलेली ट्यूब या कामाची नाही. पानं लांबोडी, फिकी, लोळणारी झाली तर उजेड कमी. पानं लालबुंद आणि आखूड झाली तर मजेत आहे असं समज.

दिवसाला १४ तास दे. हिशोब सोपा आहे : दोन पट्ट्या म्हणजे ४० वॅट, १४ तासांचं अर्ध्या युनिटहून थोडं जास्त, महिन्याला १७ युनिट. मालकाला आधीच सांगून टाक, म्हणजे महिनाअखेरीला वाद नको. रोज उठून बटण दाबण्यापेक्षा टायमर लाव. पण गोल चकतीचा टायमर घेऊ नकोस. वीज गेली की त्याचं घड्याळ तिथेच थांबतं, आणि भारनियमनाच्या दिवसांत आठवडाभरात त्याची सकाळ दुपारी उगवायला लागते. आत बॅटरी असलेला डिजिटल घे. चार-सहा तास वीज गेली तर झाडाला काही होत नाही, बाहेरही ढगाळ दिवस असतातच.

नवं रोप आणल्यावर पहिले दोन-तीन आठवडे थेंब गायब होतात, प्रवासाचा शीण असतो. थेंब दिसत नाहीत म्हणून वरून पाणी फवारू नकोस. ते पाणी नव्हे, झाडानं स्वतः बनवलेला चिकट द्रव आहे, आणि फवाऱ्यानं तो धुऊन जातो.

प्रश्न : ताई, आमच्या कापसावर पांढरी माशी, गोठ्यात गोचिड-माश्या. ही झाडं बांधावर लावली तर फवारणी वाचेल का?
— एक शेतकरी, वसमत

उत्तर : नाही दादा. एका जबड्याला एक माशी पचवायला आठवडा लागतो, आणि तुमच्या भारी जमिनीत ही झाडं पंधरा दिवस टिकणार नाहीत. जिथं जमीन गरीब तिथंच ती किड्यांच्या मागे लागतात. कपाशीत पिवळे चिकट सापळे लावा, आणि आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशी विचारा. घरात मात्र एक उपयोग आहे : कुंड्यांतल्या ओलीवर घोंघावणारी ती बारीक काळी चिलटं सनड्यू फार छान पकडतो.

प्रश्न : मॅडम, मी तुमच्याच वर्गात होते. घटपर्णी घेतलीय, नेपेंथिस व्हेंट्राटा. पानं येतात, पण टोकाला घट धरत नाहीत, आलेले वाळून जातात. एप्रिल-मेमध्ये काय करू? वरच्या मजल्यावर राहते, पत्रा नाही पण स्लॅब तापतो.
— एक वाचिका, नांदेड

उत्तर : अगं, वर्गात होतीस तर घटपर्णीचं चित्र तू काढलंच असणार, पानाच्या टोकाची तार आणि तिला लोंबणारा घडा. तो घडा म्हणजे पानाचंच रूपांतर. हवा कोरडी पडली किंवा उजेड कमी झाला की झाड तेवढाच खर्च वाचवतं. पान काढतं, घडा धरत नाही.

व्हेंट्राटा हा संकर आहे आणि सोशिक आहे, म्हणून मी नवख्यांना हाच सुचवते. थंड डोंगरातल्या महागड्या जाती आपल्या उन्हाळ्यात आणू नयेत, पैसे आणि झाड दोन्ही जातात. व्हेंट्राटाला ५० टक्क्यांच्या वर आर्द्रता मिळाली तर तो खूष. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी ती २० च्या खाली उतरते. पण डेझर्ट कूलर चालतो त्या खोलीत चित्र वेगळं असतं. कूलरच्या थेट झोतात नको, त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेव. कूलरच्या टाकीतलं पाणी चुकूनही घालू नकोस. पाणी उडत राहतं आणि टाकीत क्षार साचत जातात, माझ्या मीटरवर ते बोअरच्याही वर जातं.

आता उन्हाळ्यातली खरी युक्ती. होळीनंतर मी मांडणीवरचा दिवस-रात्र उलटा करते. दिवे संध्याकाळी सातला लागतात आणि सकाळी नऊला बंद होतात. झाडाला घड्याळाशी देणंघेणं नाही, सलग उजेड आणि सलग अंधार मिळाला की झालं. दुपारी स्लॅब तापलेला असताना वर पट्ट्यांची उष्णता नको, आणि उजेडाचं काम रात्रीच्या त्यातल्या त्यात गार वेळेत उरकतं. एलईडी गार असतो असं म्हणतात, पण तीन पट्ट्यांच्या बंद कपाटात हात घालून बघ. कपाटाची दारं काढून टाक. जुना छोटा पंखा हलक्या वेगावर राहू दे.

आणखी एक. घटपर्णीला फ्लायट्रॅपसारखं बशीतल्या पाण्यात उभं करायचं नाही. मुळं कुजतात. वरून पाणी घाल, निथळू दे. मातीत धुतलेला कोकोपीट, परलाईट आणि थोडा कोळसा चालतो. कोकोपीट मात्र तीनदा तरी आरओच्या पाण्यात भिजवून पीळ, त्यात मूळचाच खार असतो. घडा आला आणि आतलं पाणी प्रवासात सांडलं असेल तर तळाशी बोटभर आरओचं पाणी ओत.

प्रश्न : आजी, फ्लायट्रॅपला काडी लावली तर तो कधी मिटतो, कधी मिटत नाही. असं का? त्याला दुखतं का?
— इयत्ता सहावी, अंबाजोगाई

उत्तर : बाळा, या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुझा. जबड्याच्या प्रत्येक पाकळीवर बहुधा तीन बारीक केस असतात. एकदा केस हलला तर झाड नुसतं लक्षात ठेवतं. वीसेक सेकंदांच्या आत दुसऱ्यांदा हलला तरच मिटतं, तेही सेकंदाच्या दहाव्या भागात. पावसाचा थेंब एकदाच पडतो, किडा मात्र वळवळतो. आत अडकून तो धडपडत राहिला, केस आणखी हलले, की मग पाचक रस सुटतो. आत काहीच नसेल तर एक-दोन दिवसांत जबडा पुन्हा उघडतो.

ही खबर विजेनं जाते. १८७३ मध्ये लंडनच्या बर्डन-सँडरसन यांनी डार्विनच्या सांगण्यावरून या पानातली वीज मोजली होती. झाडाला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, त्यामुळे आपल्यासारखं दुखत नाही. पण प्रत्येक वेळी उगंच मिटवलंस तर त्याची ताकद जाते, म्हणून काडी बाजूला ठेव.

त्यापेक्षा सनड्यूवर प्रयोग कर. डार्विननं त्याच्या पानांवर काचेचे कण, भाजलेलं मांस, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग असं काय काय ठेवून पाहिलं आणि १८७५ मध्ये सगळं छापलं. तू एका पानावर वाळूचा कण ठेव, दुसऱ्यावर मोहरीएवढा अंड्याचा पांढरा तुकडा. कुठले केस किती वाकतात, किती दिवस वाकलेले राहतात, ते वहीत लिही आणि मला पाठव.

प्रश्न : नमस्कार मॅडम. दिवाळीनंतर फ्लायट्रॅप खुंटला. थंडीत त्याला झोप लागते असं वाचलं. आपल्याकडे दुपारी तीस अंश, मग झोपवायचं कसं? फ्रिजमध्ये ठेवा म्हणतात, पण घरात विरोध आहे.
— एक वाचक, धाराशिव

उत्तर : विरोध कुणाचा हे लिहिलं नाहीत, पण समजलं.

कॅरोलायनात खरा हिवाळा पडतो, त्यामुळे तीनेक महिने विश्रांती या झाडाच्या रक्तातच आहे. ती मिळाली नाही तर एक-दोन वर्षं ओढतं आणि मग ढासळतं. दिव्याखाली वर्षभर १४ तास उजेड दिलात तर हिवाळा आलाय हे त्याला कळणार तरी कसं? म्हणून नोव्हेंबरपासून टायमर टप्प्याटप्प्यानं कमी करत ८-९ तासांवर आणा. रात्री कुंडी उघड्या खिडकीत किंवा गच्चीत ठेवा, सकाळी ऊन चढायच्या आत परत आणा. बालाघाटाच्या माथ्यावर डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्या गार असतात. माझ्या परभणीत तर कधी कधी पारा पाच अंशांच्याही खाली जातो. आमचे तेवढेच लाड. बहुतेक वर्षी एवढ्यावर भागतं. पाणी कमी करा, माती नुसती दमट हवी, खायला काही नको.

तेवढ्यानं भागलं नाही तरच फ्रिज. झाड उपटून मुळं आरओच्या पाण्यात धुवा, काळी पानं कापा, दमट स्फॅग्नम मॉसमध्ये (दलदलीतल्या शेवाळात) गुंडाळून झिपच्या पिशवीत घाला आणि भाजीच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नको. दर पंधरवड्याला उघडून बुरशी बघा. कोथिंबिरीशेजारी ठेवायला हरकत असेल तर पिशवीवर डबा उपडा घाला. त्यात विषारी काही नाही, हे घरी माझ्या नावावर सांगितलंत तरी चालेल. फेब्रुवारीत बाहेर काढलं की आधी फुलाचा दांडा येईल. झाड अशक्त असेल तर तो दांडा बोटभर असतानाच कापा.

प्रश्न : मॅडम, पावसाळ्यात कासला जाणार आहोत. तिथे दवबिंदू असते म्हणतात. दोन-चार रोपं आणली तर दिव्याखाली जगतील का?
— एक वाचक, जालना

उत्तर : आणू नका. जगणार तर नाहीतच, आणि आणणं बेकायदा आहे. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे, तिथून फूलसुद्धा खुडायचं नसतं. जांभ्या खडकावरच्या चिमूटभर मातीत दवबिंदू, गवती दवबिंदू (दोन्ही सनड्यूच्याच देशी बहिणी) आणि सीतेची आसवे दाटीनं उगवतात. सीतेची आसवे हेही किडे धरणारंच झाड, त्याच्या मुळाशी सूक्ष्म पिशव्या असतात. गुडघ्यावर बसून भिंगातून बघा, फोटो काढा. घटपर्णीचंही तसंच. मेघालयातली आपली नेपेंथिस खासियाना कायद्यानं संरक्षित आहे. विकत घेताना रोपवाटिकेत किंवा ऊतीसंवर्धनातून वाढवलेलंच झाड मागा.

तुमची हौस बियांवर भागेल. दवबिंदू म्हणजे ड्रोसेरा बर्मानी, आपल्या उन्हाळ्याला न घाबरणारी, काही महिन्यांत बी ते फूल उरकणारी. बी खसखशीहून बारीक. ओल्या पीटवर नुसतं भुरभुरवा, वर माती टाकू नका, त्याला उगवायला उजेड लागतो. डब्यावर पारदर्शक झाकण ठेवून दोन पट्ट्यांखाली ठेवा. दोन-चार आठवड्यांत हिरवे ठिपके दिसतील. भिंगाशिवाय दिसणार नाहीत, म्हणून घाईनं डबा फेकू नका.

माझ्याकडच्या बर्मानीची बोंडं या महिन्यात वाळतायत. ज्यांना बी हवं त्यांनी स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेलं पाकीट मासिकाच्या पत्त्यावर पाठवावं. आणि सोबत चिठ्ठीवर आपल्या घरच्या पाण्याचा टीडीएस लिहावा, त्याशिवाय मी बी देणार नाही.